चिमणीपासून सूर्यदीपापर्यंत

देवळाचा जीर्णोद्धार म्हटला की प्रथम डोळ्यांपुढे येतो तो चिरेबंदी गाभारा, नवा कळस आणि प्रशस्त सभामंडप. परंतु देऊळ हे देऊळ वाटते ते त्यातील दिव्यामुळे. गाभाऱ्यात समई तेवत नसेल तर कोरीव कामाचे देऊळही ओसाड भासते. आणि भिंती ढासळलेल्या देवळात कोणी तिन्हीसांजेला पणती ठेवून गेले असेल, तर तेथे देवाची वस्ती आहे असे मनाला पटते. दीपमाळ, नंदादीप, काकडा, त्रिपुरी पौर्णिमेचा दीपोत्सव ही सारी आपल्या गावगाड्याची उजेडाविषयीची श्रद्धाच होय.

आणि उजेडाचा मूळ धनी सूर्यनारायण. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या देवळात वर्षातून दोनदा किरणोत्सव होतो. मावळत्या सूर्याची किरणे महाद्वारातून आत येऊन देवीच्या मूर्तीपर्यंत पोहोचावीत अशी योजना त्या मंदिराच्या रचनेतच आहे. गुजरातेत मोढेऱ्याला अकराव्या शतकातले आणि ओरिसात कोणार्कला तेराव्या शतकातले सूर्यमंदिर आहे. अशा या सूर्यपूजक देशात दिवसाचे ऊन साठवून रात्री त्याच उन्हाच्या उजेडात मुलांनी पाटी-पुस्तक घेऊन बसावे, ही गोष्ट घडायला मात्र विसावे शतक संपत यावे लागले. ती कोणी घडविली, कशी घडविली, कोठे ती फसली आणि का फसली, याची हकीगत देवळाच्या स्मरणिकेत येणे अस्थानी होणार नाही. कारण तिच्यात जी अडचण शेवटपर्यंत आडवी आली, ती देवळांच्या दिव्यांपुढेही पूर्वापार उभी होतीच.

नंदादीपाची व्यवस्था

दिवा लावणे सोपे, तो तेवत ठेवणे कठीण, हे आपल्या पूर्वजांना पुरते ठाऊक होते. म्हणून नंदादीपाचे दान देताना ते नुसती समई देत नसत. तेलाची कायमची तजवीज करीत. तंजावरचे बृहदीश्वराचे मंदिर राजराज चोळाने १०१०च्या सुमारास पुरे केले. तेथील शिलालेखांत एकेका नंदादीपासाठी ९६ मेंढ्या दिल्याची नोंद अनेकवार येते. या मेंढ्या धनगरांच्या स्वाधीन करावयाच्या आणि धनगराने त्या सांभाळून दररोज ठरलेले माप तूप देवळात आणून घालावयाचे, असा करार असे. मेंढ्यांचा वंश वाढत राही, धनगराचा प्रपंच चाले आणि देवाचा दिवा विझत नसे. दाता एक, सांभाळणारा दुसरा आणि रोजचे माप मोजून घेणारा तिसरा, अशी ही पक्की घडी होती.

पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरातला चौऱ्यांशीचा शिलालेख तर वारकऱ्यांच्या पाठीला परिचित आहे. १२७३ ते १२७७ या काळात मंदिराच्या कामासाठी कोणी काय दिले, याची ती दगडात कोरलेली यादी होय. त्यात रामदेवराव यादवाचे व हेमाडपंताचे नाव आहे, तसेच साध्यासुध्या भक्तांचीही नावे आहेत. राजाची देणगी मोठी आणि गरिबाची लहान. परंतु दोन्ही एकाच शिळेवर कोरल्या गेल्या. लोकवर्गणीतून उभे राहिलेले काम लोक आपले म्हणून जपतात, हा धडा त्या शिळेवर सातशे वर्षांहून अधिक काळ लिहिलेला आहे. पुढची सारी हकीगत वाचताना हा नंदादीप आणि ही शिळा ध्यानात ठेवावी.

करंजेल, रॉकेल आणि कंदील

रॉकेल येण्यापूर्वी गावातला उजेड शेतातून आणि रानातून येई. देशावर करडई, जवस, एरंड यांचे तेल; कोकणात उंडीचे व करंजाचे कडू तेल. घाणा फिरे तेव्हा दिवा पेटे. तेल मोलाचे, म्हणून दिवेलागण झाली की देवापाशी शुभंकरोती म्हणावे, जेवणे उरकावीत आणि दिवा मालवून निजावे, हीच रीत होती.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात परदेशातून खनिज तेल येऊ लागले. 'रॉक ऑईल' या इंग्रजी नावाचे मराठी तोंडात 'रॉकेल' झाले. पत्र्याची चिमणी, काचेचा कंदील आणि लग्नसराईत, भजनात, तमाशाच्या फडात डोक्यावरून नाचणारी गॅसबत्ती ही त्याचीच लेकरे. कंदीलही आधी परदेशीच. तो देशात व्हावा म्हणून ज्यांनी खटपट केली त्यांत ओगले बंधूंचे नाव मराठी माणसाने विसरू नये. कऱ्हाडजवळ औंध संस्थानच्या आश्रयाने १९१६ साली त्यांनी काचेचा कारखाना काढला. त्या जागेला पुढे ओगलेवाडी हेच नाव पडले. तेथला 'प्रभाकर' कंदील महाराष्ट्राच्या घराघरांत खुंटीला लटकत होता. त्याच्याही आधी तळेगावला पैसाफंडाचा काच कारखाना १९०८ साली निघाला होता, तो एकेका पैशाच्या वर्गणीतून. म्हणजे स्वदेशी उजेडाची सुरुवातही लोकवर्गणीनेच झाली. काळाच्या ओघात ओगलेवाडीचा कारखाना बंद पडला, पण नाव राहिले.

रॉकेलने उजेड वाढविला खरा, परंतु त्याची किंमतही घेतली. चिमणीचा उजेड तो केवढा! पुस्तक ज्योतीला टेकवावे तेव्हा कोठे अक्षर दिसे. भिंतीवर आणि आढ्याला काजळी धरे, सकाळी नाक शिंकरले की काळे येई, डोळे चुरचुरत. चुलीच्या धुराने आधीच गांजलेल्या आयाबायांच्या छातीत ही काजळी आणखी जाई. चिमणी कलंडून घरे जळाली, माणसे भाजली, हे तर गावोगावी घडलेले दुःख. आणि महिन्याच्या महिन्याला रेशनच्या रांगेत डबा घेऊन उभे राहणे आलेच. तेथे मिळाले नाही तर वाण्याकडून चढ्या भावाने घ्यावे लागे. हा खर्च थोडाथोडा होत असल्याने कोणी त्याची बेरीज मांडीत नसे. २००१च्या जनगणनेत ग्रामीण भारतातील निम्म्याहून अधिक, म्हणजे शेकडा ५५ घरांचा रात्रीचा आधार रॉकेलच होते. २०११ सालीही हे प्रमाण शेकडा ४३ भरले.

तार आली, परंतु वाडीवर नाही

२० जून १९६० रोजी महाराष्ट्र राज्य वीज मंडळ स्थापन झाले. कोयनेची वीज वाहू लागली. खेड्यापाड्यांत वीज नेण्यासाठी केंद्र सरकारने १९६९ साली ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ काढले. खांब उभे राहिले, विहिरींवर मोटारी बसल्या, पिठाच्या गिरण्या चालू झाल्या. या कामाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही.

परंतु कागदावरची वीज आणि घरातली वीज यांत पुष्कळ अंतर होते. १९९७ पर्यंतचा सरकारी हिशेब असा की, गावच्या हद्दीत कोणत्याही कामासाठी वीज वापरली गेली, तर ते गाव विजेचे म्हणून धरावे. म्हणजे शिवारात एक मोटार चालू झाली की सारे गाव उजळल्याची नोंद होई. मग गावठाणात अंधार का असेना. २००४ साली व्याख्या सुधारली, तरीही शाळा, पंचायत अशा सार्वजनिक जागा आणि शेकडा १० घरे उजळली की पुरे, असे ठरले. डोंगरावरचे धनगरवाडे, सातपुड्यातले पाडे, खाडीपलीकडच्या वाड्या या हिशेबात कोठेच सापडत नव्हत्या. चार घरांसाठी डोंगर चढून तार नेणे मंडळाला परवडत नव्हते, हेही खोटे नाही.

लांबचे कशाला, घारापुरीचेच उदाहरण पाहावे. मुंबईच्या झगमगाटापासून अवघ्या काही मैलांवरचे हे बेट. तेथील लेण्यातल्या त्रिमूर्तीचे दर्शन घ्यायला जगभरचे लोक येतात. बेटावरच्या तीन छोट्या गावांना मात्र संध्याकाळचे काही तास जनित्र चाले, तेवढाच उजेड. समुद्राच्या तळातून तार टाकून तेथे कायमची वीज आली ती २२ फेब्रुवारी २०१८ रोजी. त्याच वर्षी २८ एप्रिलला मणिपूरमधले लेइसांग हे गाव जोडले गेले आणि देशातले प्रत्येक वस्ती असलेले खेडे विजेने जोडल्याचे केंद्र सरकारने जाहीर केले. स्वातंत्र्यानंतरची ७० वर्षे उलटली होती. या मधल्या काळात जी पिढी चिमणीपाशी वाढली, तिच्यासाठी दुसरी वाट शोधणारी माणसे देशात जागोजाग पुढे आली. त्यांनी वर पाहिले आणि सूर्याला विचारले.

उन्हाची वीज

प्रकाशापासून वीज उत्पन्न होते, हे एडमंड बेकरेल या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या ध्यानात आले ते १८३९ साली. परंतु उपयोगी पडेल असा सौरघट तयार व्हायला एप्रिल १९५४ उजाडला. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत चॅपिन, फुलर आणि पिअरसन या तिघांनी सिलिकॉनचा घट बनविला. वाळूतच सापडणारे हे मूलद्रव्य शुद्ध करून त्याच्या पातळ चकत्या करतात. त्यांवर ऊन पडले की वीज वाहू लागते. फिरणारे चाक नाही, धूर नाही, आवाज नाही. त्या पहिल्या घटात पडलेल्या उन्हाच्या शेकडा ६ भागाची वीज होत असे.

तथापि ही वीज सोन्याच्या भावाची होती. प्रथम ती वापरली गेली अंतराळात. १९५८ साली सोडलेल्या व्हॅनगार्ड उपग्रहावर असे घट होते. १९७०च्या सुमारास एका वॅटला १०० डॉलरच्या आसपास खर्च येई. १९७३ साली अरब देशांनी तेल रोखले, तेलाचे भाव भडकले आणि साऱ्या जगाला उन्हाची आठवण झाली. भारतात साहिबाबादच्या सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कारखान्याने १९७७ साली देशातला पहिला सौरघट तयार केला. १९८२ साली केंद्रात अपारंपरिक ऊर्जेचे स्वतंत्र खाते निघाले आणि १९९२ साली त्याचे मंत्रालय झाले. महाराष्ट्रात 'मेडा' या नावाने ओळखली जाणारी ऊर्जा विकास संस्था १९८०च्या दशकाच्या मध्यास सुरू झाली. घटांची किंमत दर दशकाला उतरत गेली आणि आज ती वॅटला अर्ध्या डॉलरच्याही खाली आहे.

दिव्याची दुसरी बाजूही सुधारली. सौर दिव्याचे अवयव चार : छपरावरची तावदानासारखी पट्टी, वीज साठविणारी बॅटरी, बॅटरीत वीज कमीजास्त होऊ न देणारा नियंत्रक आणि प्रत्यक्ष दिवा. आरंभी दिवा म्हणजे छोटी नळी असे. ती वीज फार खाई, म्हणून पट्टी मोठी आणि बॅटरी जड लागे. १९९०च्या दशकात जपानी शास्त्रज्ञांनी निळा प्रकाश देणारा एलईडी सिद्ध केला. त्यातून पांढऱ्या उजेडाचा दिवा निघाला आणि त्या शोधाला २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. एका वॅटच्या अशा दिव्याने एका मुलाचा अभ्यास सुखाने होतो. कॅनडातले प्राध्यापक डेव्ह अर्विन-हॅलिडे १९९७ साली नेपाळच्या डोंगरांत पायी फिरत असता त्यांना एक अंधारी शाळा दिसली. परत जाऊन त्यांनी या पांढऱ्या दिव्यांवर काम केले आणि २००० साली नेपाळची काही खेडी त्या दिव्यांनी उजळली. वीज कमी लागते म्हटल्यावर पट्टी लहान झाली, बॅटरी लहान झाली आणि गरिबाच्या खिशाला झेपेल असा दिवा दृष्टिपथात आला.

तिलोनियाच्या आजीबाई

राजस्थानात अजमेर जिल्ह्यात तिलोनिया नावाचे गाव आहे. तेथे १९७२ साली बंकर रॉय यांनी एक संस्था काढली. क्षयरोग्यांसाठी पूर्वी बांधलेल्या जुन्या इमारतींत तिचा संसार सुरू झाला. गुरे राखणाऱ्या मुलांना दिवसा शाळा जमत नाही, म्हणून १९७५ पासून त्यांनी रात्रशाळा चालविल्या. तेथेही आरंभी कंदीलच. १९८०च्या दशकात संस्थेने सौर दिवे हाती घेतले आणि १९८९ पासून लडाखच्या बर्फाळ खेड्यांत नेले. तेथे रॉकेल दूरवरून आणावे लागे आणि हिवाळ्यात वाटा बंद होत.

तिलोनियाचे वेगळेपण दिव्यात नाही, माणसांच्या निवडीत आहे. दिवा दुरुस्त कोण करणार, हा प्रश्न त्यांनी सर्वांत आधी विचारला. शहरातला इंजिनिअर डोंगरात राहात नाही. गावातल्या तरुणाला शिकवून प्रमाणपत्र दिले की तो ते घेऊन शहरात नोकरी शोधतो. मग गाव सोडून न जाणारे कोण? उत्तर निघाले, गावची म्हातारी! नातवंडे खेळविणाऱ्या, कित्येकदा अक्षरशत्रू असलेल्या बायकांना तिलोनियात आणून सहा महिने शिकवितात. भाषा एक नाही, म्हणून तारांचे व सुट्या भागांचे रंग ओळखून आणि हाताने करून शिकणे चालते. २००८ पासून भारत सरकारच्या परराष्ट्र खात्याच्या साह्याने आफ्रिकेतल्या अनेक देशांच्या बायका तेथे येऊन शिकून गेल्या.

दुसरा नियम असा की, दिवा फुकट नाही. गाव समिती नेमते. प्रत्येक घर पूर्वी रॉकेल, मेणबत्त्या, सेल यांवर जेवढे खर्चीत असे, तेवढ्याच अंदाजाने दरमहा वर्गणी देते. त्या पैशातून शिकून आलेल्या बाईला वेतन आणि नव्या बॅटरीची तरतूद होते. तंजावरच्या मेंढ्या, धनगर आणि तुपाचे माप यांची येथे आठवण व्हावी. काळ हजार वर्षांनी पुढे गेला, परंतु व्यवस्था तीच.

रोजचे दहा रुपये

कर्नाटकात दुसऱ्या तऱ्हेने काम झाले. हरीश हांडे हे खरगपूरच्या आयआयटीत ऊर्जाशास्त्र शिकले आणि पुढच्या शिक्षणासाठी अमेरिकेत गेले. १९९१ साली डॉमिनिकन रिपब्लिक या देशात त्यांनी पाहिले की, गरीब माणसेही सौर दिव्यासाठी पैसे मोजतात. भारतात परतून नेव्हिल विल्यम्स या अमेरिकन गृहस्थांच्या साथीने त्यांनी १९९५ साली बंगळूरला 'सेल्को' ही कंपनी काढली. गरिबाला नवी यंत्रे परवडत नाहीत, त्याला ती सांभाळता येत नाहीत आणि गरिबांची सेवा करून धंदा चालविता येत नाही, हे तीन समज खोटे पाडायचे, असा त्यांचा निर्धार होता.

अडचण उजेडाची नव्हती, हप्त्याची होती. दिव्याची सगळी किंमत एकदम द्यायला मजुराकडे पैसे कोठून येणार? बँका बैलाला कर्ज देत, मोटारीला देत, दिव्याला देईनात. दिवा उत्पन्न देत नाही, असे त्यांचे म्हणणे. हांडे आणि त्यांचे सहकारी शाखाशाखांतून फिरले. बँकेच्या माणसांना दिवा लागलेले घर प्रत्यक्ष दाखविले. धारवाडची मलप्रभा ग्रामीण बँक, सिंडिकेट बँक अशा बँकांनी हळूहळू कर्जे दिली. विडी वळणारी, शिवणकाम करणारी, टोपल्या विणणारी बाई रात्री दोन तास जादा काम करते, त्यातूनच हप्ता निघतो, हे ध्यानात आल्यावर कर्ज देणे सोपे झाले.

एका रस्त्यावरच्या विक्रेतीची गोष्ट हांडे सांगत असतात. महिन्याचे ३०० रुपये तिला जड वाटत. रोजचे १० रुपये मात्र ती आनंदाने द्यायला तयार होती. हिशेब एकच, परंतु हातात पैसा रोजचा येतो, महिन्याचा नव्हे. तिच्यासाठी हप्ता रोजचा झाला आणि दिवा लागला. गिऱ्हाइकाच्या गरजेप्रमाणे दिवा करायचा, हेही त्यांचे ब्रीद. सुईणीला दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून कपाळावर बांधायचा दिवा, पहाटे अंधारात फुले तोडणाऱ्यांना तसाच दिवा, रेशमाचे किडे पाळणाऱ्यांना ज्योतीविना उजेड. प्रत्येक भागात दुरुस्तीचे केंद्र आधी, विक्री नंतर. २०११ साली हांडे यांना मॅगसेसे पारितोषिक मिळाले तोवर एक लाखाहून अधिक घरांत हे दिवे लागले होते.

शेजारच्या बांगलादेशात याच मार्गाने आणखी मोठे काम उभे राहिले. १९९६ साली निघालेल्या ग्रामीण शक्ती या संस्थेने हप्त्यांवर दिवे दिले. २००३ पासून तेथील सरकारी वित्तसंस्थेने अनेक संस्थांना भांडवल पुरविले आणि पुढच्या पंधरा वर्षांत ४० लाखांहून अधिक घरांत सौर दिवे बसले.

गंगासागरचे बेट

सारे तीर्थ बार बार, गंगासागर एक बार, असे उत्तरेकडे म्हणतात. मकरसंक्रांतीला, म्हणजे सूर्य मकर राशीत जातो त्या दिवशी, बंगालमधल्या सागर बेटावर कपिलमुनींच्या मंदिरापाशी लाखोंची यात्रा भरते. नदीच्या मुखातले हे बेट. तार नेणे महाकठीण. मग १९९६ साली बेटावरच्या कमलपूर गावी २६ किलोवॅटचे छोटे सौर वीजघर उभे राहिले. पश्चिम बंगालच्या अपारंपरिक ऊर्जा संस्थेचे शांतिपद गणचौधुरी हे त्याचे प्रवर्तक. संध्याकाळी ठरावीक तास घरोघर वीज जाई. गावकऱ्यांची समिती पैसे गोळा करी. असा प्रयोग बेटावर आणखी गावांनी केला. रामकृष्ण मिशननेही सुंदरबनच्या खेड्यांत कर्जावर घरगुती सौर दिवे दिले. पुढे मोठ्या तारेची वीज त्या बेटावर पोहोचली. परंतु मधल्या काळात बेटावरची मुले अंधारात राहिली नाहीत, हे काय थोडे झाले?

महाराष्ट्राचा वाटा

महाराष्ट्रही या कामात मागे नव्हता. फलटणला ब. वि. निंबकरांनी १९६८ साली स्थापिलेल्या कृषी संशोधन संस्थेत अनिल राजवंशी हे शास्त्रज्ञ १९८१ साली अमेरिका सोडून आले. सौर घट महाग होते त्या काळी खेड्याला ताबडतोब काय देता येईल, याचा विचार करून त्यांनी 'नूरी' नावाचा सुधारलेला कंदील तयार केला. शंभर वॅटच्या गोळ्याइतका उजेड तो थोड्या तेलात देई. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मेडामार्फत तार न पोहोचलेल्या दुर्गम पाड्यांवर घरगुती सौर दिवे बसविले गेले.

मुंबईच्या पवईतील आयआयटीने २०१४ साली विद्यार्थ्यांसाठी दिव्याची मोहीम काढली. तिचे सूत्रधार प्राध्यापक चेतनसिंह सोळंकी हे स्वतः मध्य प्रदेशातल्या खरगोण जिल्ह्याच्या खेड्यातले. आरंभही त्याच जिल्ह्यात झाला. दिव्याचे सुटे भाग गावी पाठवायचे, गावच्या स्त्री-पुरुषांना जोडणी शिकवायची, त्यांनीच दिवे जोडायचे, शाळेत जाऊन विकायचे आणि बिघडले तर त्यांनीच दुरुस्त करायचे. मदतीच्या पैशाचा आधार असल्याने विद्यार्थ्याला दिवा १२० रुपयांना पडे. फुकट देता आला असता, परंतु मुद्दाम दिला नाही. मध्य प्रदेश, महाराष्ट्र, राजस्थान आणि ओरिसा येथे मिळून दहा लाख दिवे याप्रमाणे मुलांच्या हाती गेले.

विझलेले दिवे

येथवर चांगले सांगितले. आता वाईटही सांगितले पाहिजे. देशात जेवढे सौर दिवे लागले, त्यांतले पुष्कळ विझलेही. कित्येक गावांच्या वेशीवर आजही लोखंडी खांब उभा दिसतो. वर पट्टी धुळीने माखलेली, खाली बॅटरीची पेटी रिकामी आणि दिवा बेपत्ता. अनुदान आले, दिवे आले, उद्घाटन झाले, हार-तुरे झाले. दोन पावसाळे गेले आणि गाव पुन्हा अंधारात.

कारणे सरळ आहेत. बॅटरीत वेळेवर शुद्ध पाणी घालावे लागते. ते कोणी घातले नाही. पट्टीवरची धूळ महिन्यातून एकदा पुसावी लागते. ते काम कोणाचे, हे ठरले नव्हते. कोणी दिव्याच्या बॅटरीवर टीव्ही लावला, ती लौकर बसली. पट्टी पंचवीस वर्षे टिकते. परंतु जुन्या तऱ्हेची बॅटरी तीन-पाच वर्षांत बदलावीच लागते, आणि त्यासाठी पैसा कोणी बाजूला ठेवला नव्हता. पुरवठादार बिल घेऊन गेला तो परत आला नाही. आणि सर्वांत मोठे कारण म्हणजे फुकट आलेली वस्तू कोणालाच आपली वाटली नाही. सरकारचा दिवा, सरकारने बघावे. वर्गणीचा दिवा बिघडला की माणूस चौकशी करतो. फुकटचा बिघडला की नशिबाला बोल लावतो.

म्हणजे या साऱ्या इतिहासाचे सार शास्त्रात नाही, वहिवाटीत आहे. जेथे तीन गोष्टी जमल्या, तेथे दिवे टिकले. घेणाऱ्याने आपल्या ऐपतीप्रमाणे थोडे तरी पैसे घातले. दुरुस्ती करणारा हात गावातच तयार झाला. आणि बॅटरीसाठी महिन्याचा निधी साठला. यांतली एक जरी गोष्ट चुकली, तर ऊन आहे तेथेच राहिले आणि दिवा विझला.

आज आणि उद्या

२०१७ साली सौभाग्य योजना सुरू झाली आणि अडीच कोटींहून अधिक घरांना वीज जोडून मिळाली. जेथे तार नेणे अशक्य, तेथे पाच एलईडी दिवे आणि एक पंखा चालेल असा सौर संच देण्याची तिच्यात तरतूद होती. रेशनवरील रॉकेलचे अनुदानही अलीकडच्या वर्षांत संपले. चिमणी आता माळ्यावर गेली. ९ ऑक्टोबर २०२२ रोजी मोढेरा हे गाव अहोरात्र सौर विजेवर चालणारे म्हणून जाहीर झाले. सूर्यमंदिराच्या सावलीतले गाव सूर्याच्याच विजेवर चालू लागले, याहून सुंदर योग कोणता! तरीही काम संपलेले नाही. २०२३ साली जगात सुमारे ६६ कोटी लोक विजेवाचून होते. त्यांतले बहुतेक आफ्रिकेत. आपल्याकडेही शेतावरच्या वस्त्या, ऊसतोडीच्या टोळ्यांची पाले, मेंढपाळांचे तळ यांच्या रात्री अजून पुरत्या उजळलेल्या नाहीत. गावात तार असून भारनियमनात अंधार होतो, तो वेगळाच.

दानशूर मंडळींनी या जीर्णोद्धारास सढळ हाताने मदत केली. मुंबई-पुण्यास नोकरीनिमित्त गेलेल्या चाकरमान्यांनी आणि गावातल्या मोलमजुरी करणाऱ्यांनीही आपापल्या शक्तीप्रमाणे वाटा उचलला, म्हणूनच असे कळस उभे राहतात. दिव्याचे दान हे आपल्या धर्मात श्रेष्ठ मानले आहे. उद्या कोणी देवळाच्या आवारात, शाळेच्या ओसरीवर किंवा स्मशानाच्या वाटेवर सूर्यदीप द्यावा असे मनात आणील, तर त्याने खांबाबरोबर बॅटरीचा निधीही द्यावा. आणि गावाने ते काम कोणाचे, हे त्याच दिवशी वहीत लिहून ठेवावे. दात्याचे नाव संगमरवरी पाटीवर कोरले जाईलच. परंतु महिन्यातून एकदा शिडी लावून जो पट्टीवरची धूळ पुसतो, त्याचे नावही त्या पाटीवर शोभून दिसेल. पूर्वीच्या नंदादीपाला तूप घालणाऱ्या धनगराचा तोच खरा वारस होय.

सूर्यनारायण रोज उगवतो आणि कोणाचेही घर न वगळता ऊन देतो. ते सांजेपर्यंत जपून ठेवण्याची सुबुद्धी ग्रामदैवत सर्वांना देवो, आणि गावातला एकही दिवा हेळसांडीने न विझो, हीच देवाच्या चरणी प्रार्थना.